प्रशिक्षकाची पंचेचाळीस वर्षे : अ‍ॅन्सन डॉरन्स आणि महाविद्यालयीन महिला फुटबॉल

१

विद्यापीठातील शिक्षकाच्या कार्याचे मोजमाप सहसा अवघड असते. त्याचे फळ विद्यार्थ्यांच्या पुढील आयुष्यात विखुरलेले असते, व ते कोठे संपते आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे कर्तृत्व कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. क्रीडाप्रशिक्षकाच्या बाबतीत ही अडचण नाही असे प्रथमदर्शनी वाटते. किती सामने जिंकले, किती गमावले, किती अजिंक्यपदे मिळाली, ह्याची नोंद असतेच. परंतु आकडे घटनेचे वर्णन करतात, तिची कारणमीमांसा करीत नाहीत. एकच मनुष्य एकाच पदावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहतो आणि त्या काळात त्याचा संघ असामान्य यश मिळवितो, तेव्हा त्या यशात व्यक्तीचा वाटा किती, संस्थेचा किती आणि काळाचा किती, हा प्रश्न उरतोच. शिवाय इतक्या दीर्घ अधिकाराने जे निर्माण केले त्याबरोबर कोणते धोके ओढवून घेतले, हेही पाहावे लागते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील महिला फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अ‍ॅन्सन डॉरन्स ह्यांची कारकीर्द ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. १९७९ ते २०२३ अशा पंचेचाळीस हंगामांत त्यांच्या संघाने नऊशेंहून अधिक सामने जिंकले व बावीस राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. भारतात ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यास अमेरिकेत सॉकर हे नाव आहे. तेथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळावयाचा एक निराळाच खेळ. प्रस्तुत लेखात फुटबॉल हा शब्द भारतीय अर्थानेच वापरला आहे.

२

प्रथम अमेरिकन महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे स्थान लक्षात घेणे आवश्यक आहे. तेथे प्रत्येक प्रमुख खेळासाठी स्वतंत्र, पूर्णवेळ व सवेतन प्रशिक्षक असतो. संघात कोण येणार, क्रीडा-शिष्यवृत्ती कोणास मिळणार, कोण मैदानात उतरणार आणि कोण बाहेर बसणार, हे बव्हंशी तोच ठरवितो. खेळाडू मात्र विद्यार्थी असतो व साधारणतः चार हंगामच खेळू शकतो. ह्याचा परिणाम असा की, दर चार वर्षांनी संघ जवळजवळ संपूर्ण बदलतो. व्यावसायिक संघास आवडता खेळाडू दहा वर्षे ठेवता येतो. महाविद्यालयास सर्वोत्तम खेळाडूलाही पदवीबरोबर निरोप द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत प्रशिक्षक हाच एक स्थिर घटक राहतो. संघाची स्मृती, त्याच्या चालीरीती आणि त्याची मानके त्याच्यापाशी साठत जातात. पंचेचाळीस हंगाम म्हणजे विद्यार्थ्यांच्या अकराहून अधिक पिढ्या. तेव्हा डॉरन्स ह्यांचे यश हे एका गुणी संघाचे यश नसून, पुनःपुन्हा नव्याने उभ्या कराव्या लागलेल्या अनेक संघांचे आहे.

३

डॉरन्स ह्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. वडील तेल-उद्योगात अधिकारी असल्यामुळे त्यांचे बालपण अनेक देशांत गेले. केनिया, इथिओपिया, सिंगापूर व स्वित्झर्लंड येथे कुटुंबाचे वास्तव्य झाले. अमेरिकन मुलाच्या वाट्यास त्या काळी क्वचितच येणारा फुटबॉलचा खेळ त्यांना ह्या प्रवासामुळे लहानपणीच परिचयाचा झाला. पुढे चॅपल हिल येथे विद्यार्थी असताना ते मार्विन अ‍ॅलन ह्यांच्या हाताखाली विद्यापीठाच्या संघातून खेळले व १९७४ साली पदवीधर झाले. अ‍ॅलन निवृत्त झाल्यावर १९७७ साली पुरुष संघाची जबाबदारी डॉरन्स ह्यांच्याकडे आली. त्या वेळी ते कायद्याचा अभ्यास करीत होते. प्रशिक्षणाच्या कामापुढे तो अभ्यास मागे पडला आणि अपुराच राहिला.

दोन वर्षांनी ह्या कारकिर्दीस खरे वळण मिळाले. विद्यापीठातील काही विद्यार्थिनी स्वतःच्या हौसेने फुटबॉलचा क्लब चालवीत होत्या. आपल्या क्लबास विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळावा, अशी मागणी त्यांनी केली. क्रीडाविभागाचे तत्कालीन संचालक बिल कोबी ह्यांनी डॉरन्स ह्यांना त्यांचा खेळ पाहावयास सांगितले, आणि १९७९ साली अधिकृत महिला संघ स्थापन होऊन तोही त्यांच्याकडेच सोपविण्यात आला. १९८८ पर्यंत पुरुष व महिला असे दोन्ही संघ ते सांभाळीत होते. महिला संघाची सुरुवात प्रशिक्षकाच्या कल्पनेतून झाली नाही, तर विद्यार्थिनींच्या मागणीतून झाली, ही गोष्ट ह्या इतिहासात अनेकदा दुर्लक्षित राहते.

४

ही मागणी १९७९ साली मान्य होऊ शकली ह्यास कायद्याची पार्श्वभूमी होती. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी झाली. त्याचे नववे प्रकरण ‘टायटल नाइन’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. संघराज्य सरकारचे द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगभेदावरून कोणास वगळता येणार नाही वा कमी लेखता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु १९७५ च्या नियमांनी व १९७९ च्या अर्थनिर्णयाने महाविद्यालयीन क्रीडा त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणल्या. पुरुषांच्या खेळांवर खर्च करणाऱ्या विद्यापीठांस स्त्रियांनाही समप्रमाणात संधी देणे भाग पडू लागले.

स्त्रियांसाठी जे खेळ निवडले गेले त्यांत फुटबॉल अग्रभागी का आला, ह्याचेही एक व्यावहारिक कारण आहे. अमेरिकन फुटबॉलच्या पुरुष संघात खेळाडूंची संख्या फार मोठी असते. तिचा समतोल साधावयाचा तर स्त्रियांसाठी असा खेळ हवा की, ज्यात एका संघात पुष्कळ खेळाडू सामावतील आणि साधनसामग्रीचा खर्च बेताचा राहील. फुटबॉल ह्या दोन्ही अटी पुऱ्या करीत होता. २०२५ पूर्वीच्या नियमांनुसार प्रथम श्रेणीच्या महिला फुटबॉल संघास चौदा शिष्यवृत्त्या देता येत असत, तर पुरुषांच्या संघास दहाहूनही कमी. ह्या विषमतेचे मूळ वरील समतोलाच्या गणितात आहे.

१९७९ साली मात्र हे सारे भविष्यात होते. अधिकृत महिला संघ असणारी विद्यापीठे मोजकीच होती. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली स्त्रियांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने भरविली आणि ती डॉरन्स ह्यांच्या संघाने जिंकली. पुढील वर्षापासून स्पर्धेचे आयोजन नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ह्या मध्यवर्ती संघटनेकडे आले. १९८२ च्या ह्या स्पर्धेत केवळ बारा संघ होते, व तीही चॅपल हिलनेच जिंकली.

५

त्यानंतरच्या यशाची नोंद थोडक्यात अशी. १९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून पराभव झाल्यावर पुढील १०३ सामन्यांत हा संघ एकदाही हरला नाही. सप्टेंबर १९९० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने ही मालिका खंडित केली. त्या पराभवानंतर संघाने सलग ९२ सामने जिंकले. ऑक्टोबर १९९४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाशी झालेल्या गोलरहित बरोबरीने ही दुसरी मालिका थांबली. १९८६ पासून १९९४ पर्यंत सलग नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद चॅपल हिलकडेच राहिले.

ह्याच काळात, १९८६ पासून १९९४ पर्यंत, डॉरन्स अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ३० नोव्हेंबर रोजी ग्वांगझू येथील अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेवर २–१ असा विजय मिळविला. त्या संघातील अठरा खेळाडूंपैकी निम्म्या चॅपल हिल येथे शिकलेल्या वा शिकत असलेल्या होत्या. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स, क्रिस्टीन लिली आणि मिया हॅम ही त्यांतील प्रमुख नावे. हॅम हिला डॉरन्स ह्यांनी १९८७ साली, ती अवघी पंधरा वर्षांची असताना, राष्ट्रीय संघातून प्रथम खेळविले होते. एका विद्यापीठाचे मैदान ही जवळजवळ राष्ट्रीय प्रबोधिनी बनली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

६

डॉरन्स ह्यांची पद्धती तीन गोष्टींवर उभी होती.

पहिली गोष्ट म्हणजे सरावाची नोंद. चॅपल हिल येथील बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातील प्रत्येक हालचालीची मोजदाद ठेवीत. ते पाहून डॉरन्स ह्यांनी ही कल्पना फुटबॉलमध्ये आणली. एकास एक झुंज, वेगवान धाव, गोलावरील फटके, डोक्याने चेंडू खेळणे, छोट्या संघांचे सामने, ह्या प्रत्येकात कोण जिंकले व कोण हरले हे टिपून घेतले जाई, त्यावरून क्रमवारी लावली जाई आणि ती सर्वांना दिसेल अशी लावली जाई. ह्या व्यवस्थेस त्यांनी ‘कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन’ असे नाव दिले. मराठीत तिला ‘स्पर्धेची भट्टी’ म्हणता येईल. ह्यामागील विचार असा : आपल्याच मैत्रिणीस उघडपणे हरविणे हे मुलींना समाजाने शिकविलेल्या वागणुकीच्या विरुद्ध जाते. म्हणून ज्या वातावरणात हरविणे हाच नियम आहे आणि त्याचा कोणास विषाद वाटू नये असा संकेत आहे, असे वातावरण मुद्दाम निर्माण करावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाची रचना. बचावफळीत तीन, मध्यफळीत चार आणि आघाडीस तीन, अशी आक्रमक मांडणी ह्या संघाची ओळख ठरली. चेंडू गमावताच प्रतिपक्षावर त्याच्याच अर्ध्या मैदानात तुटून पडावयाचे, हे तिचे सूत्र. अशी धावपळ अकरा खेळाडूंना नव्वद मिनिटे झेपणे कठीण. परंतु महाविद्यालयीन नियमांत बदली खेळाडू उदारपणे वापरता येत असल्यामुळे दुसरी ताजी फळी सहज उतरविता येई. नियमांचे बारकाईने वाचन करून त्यातून डावपेच काढणे हा येथे प्रशिक्षकाचा गुण दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चारित्र्याचे मूल्यमापन. संघाने काही आचारमूल्ये ठरविली होती. कुरकुर न करणे, पडेल ते कष्ट उचलणे, न खेळणाऱ्या सहकारिणीशीही समभावाने वागणे, अशा स्वरूपाची ती होती. खेळाडूंनीच ह्या मूल्यांवर एकमेकींना गुण द्यावयाचे, आणि ह्या गुणांची चर्चा प्रशिक्षकाने प्रत्येकीशी स्वतंत्र भेटीत करावयाची, अशी प्रथा होती.

पुरुषांचा संघ प्रशिक्षकाच्या जोमाने चालतो, स्त्रियांचा संघ त्याच्याशी असलेल्या नात्याने चालतो, असे मत डॉरन्स ह्यांनी वारंवार मांडले. हे मत त्यांनी दोन्ही संघ एकाच वेळी हाताळून बनविले असले, तरी स्त्री-पुरुषांच्या स्वभावाविषयीचा सामान्य सिद्धान्त म्हणून ते स्वीकारता येत नाही. त्यांच्याच सरावाच्या नोंदी उलट निष्कर्षाकडे बोट दाखवितात. योग्य वातावरण मिळताच मुली तितक्याच ईर्ष्येने झुंजू लागल्या. म्हणजे पूर्वीचा संकोच स्वभावाचा नव्हता, परिस्थितीचा होता.

७

आता यशाच्या कारणांकडे वळता येईल. १९८२ पासून २००० पर्यंतच्या एकोणीस राष्ट्रीय स्पर्धांपैकी सोळा डॉरन्स ह्यांच्या संघाने जिंकल्या. २००१ पासून २०२३ पर्यंतच्या तेवीस हंगामांत मात्र पाचच अजिंक्यपदे मिळाली : २००३, २००६, २००८, २००९ आणि २०१२. प्रशिक्षक तोच, पद्धती तीच, विद्यापीठ तेच. तरीही हा फरक पडला. त्याचा अर्थ असा की, पहिल्या दोन दशकांतील अजोड वर्चस्वाचा काही भाग निश्चितच लवकर आरंभ केल्याचा होता. बारा संघांच्या स्पर्धेपासून सुरू झालेला हा खेळ पुढे प्रथम श्रेणीतील तीनशेंहून अधिक विद्यापीठांत पसरला. उत्तम खेळाडूंना अनेक दारे उघडी झाली.

परंतु एवढ्यावरून व्यक्तीचे कर्तृत्व कमी ठरविणे योग्य नव्हे. १९८२ साली इतरही अकरा संघ त्या स्पर्धेत होते. त्यांपैकी कोणासही असे सातत्य साधले नाही. शिवाय ज्या प्रसारामुळे चॅपल हिलचे वर्चस्व ओसरले, त्या प्रसारास त्याच संघाने हातभार लावला होता. डॉरन्स ह्यांच्या विद्यार्थिनी पुढे इतर विद्यापीठांत प्रशिक्षक झाल्या. हाइनरिक्स ह्यांनी मेरीलँड व व्हर्जिनिया ह्या प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे संघ घडविले व नंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपदही भूषविले. सिंडी पार्लो कोन ह्या २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. शिक्षकाची पद्धती विद्यार्थ्यांकरवी सार्वत्रिक झाली की, ती शिक्षकाचे एकट्याचे बळ राहत नाही. शिक्षणक्षेत्रात ह्यालाच यश म्हणतात. स्पर्धेच्या तक्त्यात मात्र ते पराभव म्हणून नोंदले जाते.

८

ह्या कारकिर्दीचे मूल्यमापन तिच्या सर्वांत कठीण प्रकरणावाचून पुरे होत नाही. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स व विद्यापीठ ह्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा दाखल केला. सरावाच्या वेळी व स्वतंत्र भेटीत खेळाडूंच्या खाजगी लैंगिक आयुष्याविषयी प्रश्न व शेरे होत असत, असा आरोप होता. छळ केल्याचे डॉरन्स ह्यांनी नाकारले. अशा प्रकारच्या थट्टेच्या संभाषणात आपण भाग घेतल्याचे मात्र मान्य केले. एका खेळाडूचा दावा २००४ साली तडजोडीने मिटला आणि डॉरन्स ह्यांनी क्षमायाचना केली. दुसरा दावा खालच्या न्यायालयाने ज्यूरीपुढे न नेताच निकालात काढला होता. परंतु २००७ साली संघराज्याच्या चौथ्या विभागातील अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निर्णय फिरविला व पुराव्याचा विचार ज्यूरीने करावा असे ठरविले. खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये, विद्यापीठाने ३,८५,००० डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे आरोपांच्या सत्यासत्यतेवर न्यायालयाचा अंतिम निर्णय कधीच झाला नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, विद्यापीठाविरुद्धचा दावा ‘टायटल नाइन’ ह्याच कायद्यान्वये होता. ज्या कायद्यामुळे महिला संघ जन्मास येऊ शकला, त्याच कायद्याने त्या संघाच्या प्रमुखाच्या वर्तनाचा जाब मागितला. मैदान मिळणे हा त्या हक्काचा एक भाग. त्या मैदानावर सन्मानाने वावरता येणे हा दुसरा. दुसऱ्यावाचून पहिला अपुरा आहे, हे ह्या खटल्याने स्पष्ट केले.

दुसरी गोष्ट पद्धतीशी निगडित आहे. नात्याच्या जिव्हाळ्यावर संघ चालवावयाचा, प्रत्येकीची स्वतंत्र भेट घेऊन तिच्या गुणदोषांची चर्चा करावयाची, ह्यात जे बळ होते त्यातच धोकाही होता. समोर बसलेल्या मनुष्याच्या हाती शिष्यवृत्ती आहे, खेळावयाची मिनिटे आहेत आणि १९९४ पर्यंत तर राष्ट्रीय संघाचे दारही होते. अशा वेळी अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला नको असलेल्या प्रश्नास ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते. जिव्हाळा व सत्ता एकाच हाती असली की, त्यांच्यामधील मर्यादा केवळ व्यक्तीच्या विवेकावर सोडून चालत नाही. ती संस्थेने आखून द्यावी लागते. प्रशिक्षकाचे यश जितके मोठे, तितकी ही मर्यादा आखण्याची संस्थेची तयारी कमी असण्याचा संभव अधिक. दीर्घ व यशस्वी कार्यकालाचा हा अंगभूत धोका होय.

९

ऑगस्ट २०२४ मध्ये, नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, डॉरन्स ह्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोपर्यंत महाविद्यालयीन क्रीडेचे स्वरूप बरेच पालटले होते. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा व कीर्तीचा आर्थिक लाभ घेण्याची मुभा मिळाली होती, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही पूर्वीपेक्षा सुलभ झाले होते. चार वर्षे एकाच संघात राहून हळूहळू घडणारी खेळाडू, हे त्यांच्या पद्धतीचे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले होते. संघाची सूत्रे तात्पुरत्या स्वरूपात त्यांचे सहकारी डेमन नाहास ह्यांच्याकडे आली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा १–० असा पराभव करून संघाने बारा वर्षांनी पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. हा सामना ज्यांनी जिंकला त्या विद्यार्थिनींपैकी अनेकींची निवड डॉरन्स ह्यांच्याच काळात झाली होती. मैदानाबाहेर मात्र ते नव्हते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ह्या घटनेत काही अंशी सापडते. संघाची स्मृती प्रदीर्घ काळ एका मनुष्यापाशी साठली होती हे खरे. परंतु तो दूर झाल्यावरही ती नाहीशी झाली नाही, म्हणजे ती संस्थेत उतरली होती. विद्यार्थिनींची मागणी, कायद्याचा आधार, विद्यापीठाचे द्रव्यबळ आणि लवकर झालेला आरंभ, ह्यांवाचून ही कारकीर्द संभवली नसती. नोंद, शिस्त आणि खेळाची स्पष्ट दृष्टी ह्यांवाचून ती इतकी फलद्रूप झाली नसती. आणि ज्यांनी १९७९ साली संघ मागितला त्यांच्याप्रमाणेच, ज्यांनी १९९८ साली जाब मागितला त्याही ह्या इतिहासाच्या घडविणाऱ्यांत मोडतात. डॉरन्स ह्यांच्या विजयांची यादी तक्त्यात कायम राहील. त्या यादीशेजारी ह्या दोन्ही मागण्यांची नोंद ठेवली, तरच विद्यापीठांना तिच्यापासून शिकण्यासारखे काही मिळेल.